हौशी फिल्म छायाचित्रण

हौशी फिल्म छायाचित्रण म्हणजे प्रकाशसंवेदी रसायनाचा थर असलेल्या फिल्मवर, उपजीविकेसाठी नव्हे तर छंद म्हणून, छायाचित्रे घेणे आणि अनेकदा ती स्वतःच धुऊन छापणे होय. डिजिटल कॅमेऱ्यांचा प्रसार होण्यापूर्वी छायाचित्रण म्हणजे फिल्मवरचेच छायाचित्रण असे. त्यामुळे त्याला वेगळ्या नावाची गरज नव्हती. एका रोलवर येणारी मोजकी चित्रे, निकालासाठी करावी लागणारी प्रतीक्षा आणि घेतलेले चित्र पुसता न येणे ही या छंदाची तीन मुख्य लक्षणे आहेत. त्यातील आनंद आणि त्रास हे दोन्ही याच तीन लक्षणांतून निर्माण होतात.

हा छंद रसायने, पाणी, तापमान आणि मालाचा पुरवठा यांवर अवलंबून असल्याने त्याचे स्वरूप ठिकाणानुसार बदलते. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः सोलापूरसारख्या उष्ण व कोरड्या हवामानाच्या शहरातील परिस्थिती विचारात घेतली आहे.

फिल्मची रचना व कार्य

फिल्म ही पारदर्शक पट्टी असून तिच्या एका बाजूस जिलेटिनमध्ये विखुरलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. शटर उघडल्यावर ज्या स्फटिकांवर प्रकाश पडतो, त्यांत चांदीच्या काही अणूंचे पुंजके तयार होतात. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यास सुप्त प्रतिमा असे म्हणतात. डेव्हलपर हे द्रावण प्रकाश लागलेल्या स्फटिकांचे धातुरूप चांदीत रूपांतर करते. त्यानंतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेले स्फटिक विरघळवते आणि चित्र कायम होते. हायपोचा हा गुण इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवला होता. छायाचित्रे टिकवण्यासाठी त्याचा वापर १८३९ पासून सुरू झाला.

जेथे प्रकाश जास्त पडला तेथे चांदी जास्त साचते आणि तो भाग काळा दिसतो. अशा उलट्या प्रतिमेस निगेटिव्ह म्हणतात. रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या व लाल प्रकाशास संवेदनशील असे थर एकावर एक असतात. धुताना त्यांत रंगद्रव्ये तयार होतात आणि चांदी काढून टाकली जाते. म्हणजेच कृष्णधवल निगेटिव्हमधील चित्र चांदीचे असते, तर रंगीत निगेटिव्हमधील चित्र रंगद्रव्यांचे. त्यांच्या टिकाऊपणातील फरकाचे हे एक प्रमुख कारण आहे.

छंदासाठी प्रामुख्याने दोन आकारांची फिल्म वापरली जाते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या रोलवर २४ × ३६ मिलिमीटरची ३६ चित्रे येतात. ही फिल्म आज ज्या डबीत मिळते ती डबी कोडॅकने १९३४ मध्ये बाजारात आणली. १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर चौरस आकाराची १२ चित्रे येतात. निगेटिव्ह जितकी मोठी, तितका तपशील अधिक व दाणेदारपणा कमी असतो.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही भारतातील या विषयाची पहिली संस्था १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीय शिक्षण घेतलेले गृहस्थ या संस्थेचे सदस्य होते व त्यांनी छायाचित्रणात नाव मिळवले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच काळात मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय केला. त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. त्यामुळे छंद म्हणून छायाचित्रण करणे ज्यांच्याकडे पैसा, वेळ व रसायनांचे ज्ञान होते अशा मोजक्यांनाच शक्य होते.

जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कॅमेऱ्याने १८८८ पासून रोलचा वापर सोपा केला आणि चित्र घेणारा व ते धुणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात ही कल्पना रुजली. लाइका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आल्यानंतर खिशात मावणाऱ्या यंत्रावर उत्तम दर्जाची चित्रे घेता येऊ लागली. मुंबईत स्वातंत्र्यापूर्वीच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही हौशी छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. स्वतःच्या हाताने छापलेल्या मोठ्या प्रिंट प्रदर्शनांना व स्पर्धांना पाठवणे हा तिच्यासारख्या संस्थांच्या सदस्यांचा प्रमुख उपक्रम असे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध होते आणि परदेशी रोल महाग व दुर्मीळ होते. केंद्र सरकारने तमिळनाडूतील उदगमंडलम येथे १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' या नावाची कृष्णधवल फिल्म व कागद देशभर मिळू लागले. पूर्व जर्मनीची ओरवो फिल्मही त्या काळात भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली जात असे. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा १२० फिल्मचा साधा कॅमेरा अनेक कुटुंबांचा पहिला कॅमेरा ठरला. त्यात वापरणाऱ्याला ऊन आहे की ढगाळ हवा, एवढाच प्रमुख निर्णय घ्यावा लागे.

१९८० च्या दशकात रंगीत फिल्म धुऊन तासाभरात कॉपी काढून देणारी यंत्रे शहरोशहरी आली. फोटोफोन कंपनीचा हॉट शॉट आणि पुढे कोडॅकचा केबी-१० या सोप्या कॅमेऱ्यांमुळे सहली, बारशी व लग्ने यांची चित्रे घरचीच मंडळी घेऊ लागली. 'रोल धुवायला टाकणे' हा वाक्प्रयोग याच काळात घरोघरी रूढ झाला. छंदाचा प्रसार वाढला, मात्र धुण्याचे काम यंत्राकडे गेल्याने घरातील अंधारखोलीचे महत्त्व कमी झाले.

२००० नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेरे व पाठोपाठ मोबाइल फोन यांमुळे फिल्मची मागणी कोसळली. कोडॅकने १९३५ पासून चालत आलेल्या कोडाक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले. कारखान्यातून निघालेला तिचा शेवटचा रोल अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला होता. त्यावरील काही चित्रे त्यांनी मुंबईत व राजस्थानात घेतली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. हिंदुस्तान फोटो फिल्म्सही बंद पडली.

कॅमेरे व त्यांची देखभाल

फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन फार थोडे उरले असल्याने या छंदातील बहुतेक कॅमेरे वापरलेले व काही दशके जुने असतात. भारतात पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-१० व एफएम-२, यशिका इलेक्ट्रो ३५, सोव्हिएत बनावटीचा झेनिट आणि स्टुडिओंमध्ये वापरले जाणारे दोन भिंगांचे यशिका हे कॅमेरे बऱ्यापैकी आढळतात. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार ही कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीची व दुरुस्तीची जुनी बाजारपेठ आहे. घरातील कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेला आजोबांचा किंवा वडिलांचा कॅमेरा हेही या छंदाकडे वळण्याचे एक नेहमीचे निमित्त असते.

पूर्णपणे यांत्रिक शटर असलेला कॅमेरा बॅटरीशिवाय चालतो आणि कुशल कारागीर तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करू शकतो. इलेक्ट्रॉनिक शटर असलेल्या कॅमेऱ्यातील सर्किट निकामी झाल्यास त्याच जातीच्या दुसऱ्या कॅमेऱ्यातून भाग काढून बसवण्यापलीकडे सहसा उपाय नसतो. १९६० व ७० च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले होते. पाऱ्यामुळे होणाऱ्या प्रदूषणापायी त्या बॅटरी बंद झाल्या. त्यांच्या जागी १.५ व्होल्टची बॅटरी घातल्यास बऱ्याच कॅमेऱ्यांचे मापन चुकते. मागील झाकणाच्या कडेचा फोम काळानुसार चिकट होऊन झडतो आणि प्रकाश आत शिरून चित्रावर लालसर किंवा पांढरे पट्टे येतात.

हवामानाचा परिणाम कॅमेऱ्यावरही होतो. कोकण व मुंबईच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरण्याची भीती मोठी असते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती तुलनेने कमी असते. तेथे धूळ आणि उष्णता हे मुख्य शत्रू ठरतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत राहिलेला रोल काही तासांत खराब होऊ शकतो. न वापरलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात आणि वापरण्यापूर्वी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानास येऊ देतात, अन्यथा त्यांवर बाष्प साचते.

प्रकाशाचा अंदाज

फिल्मवर घेतलेले चित्र लगेच दिसत नसल्याने शटरची गती व भिंगाचे द्वार किती ठेवायचे हे आधीच ठरवावे लागते. भर उन्हासाठी एक जुना नियम वापरला जातो. भिंगाचे द्वार एफ/१६ वर ठेवावे आणि शटरची गती फिल्मच्या आयएसओ अंकाइतकी घ्यावी. म्हणजे आयएसओ ४०० च्या फिल्मसाठी १/४०० च्या जवळची १/५०० सेकंद. वर्षातील बराच काळ आकाश निरभ्र असणाऱ्या सोलापुरात हा नियम चांगला लागू पडतो.

तथापि शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीच्या जुन्या पेठांत एकाच चौकटीत उन्हाने तळपणारी भिंत आणि सावलीतला ओटा असे दोन्ही येतात. त्यांच्या उजेडातील फरक इतका मोठा असतो की एकाचा तपशील टिकवताना दुसऱ्याचा गमावण्याचा धोका असतो. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बऱ्यापैकी सहन करते, परंतु कमी प्रकाश सहन करत नाही. सावलीत काहीच नोंदले गेले नाही तर ते पुढे कोणत्याही उपायाने आणता येत नाही. म्हणून निगेटिव्हसाठी सावलीचा भाग मोजून चित्र घेण्याची पद्धत आहे. पारदर्शिकेची, म्हणजे स्लाइडची, फिल्म याउलट वागते. तिच्यावर उजळ भाग जपावा लागतो आणि अर्ध्या स्टॉपची चूकही दिसून येते.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वर यात्रा, म्हणजेच गड्डा यात्रा, ही सोलापुरातील छायाचित्रकारांसाठी वर्षातील सर्वांत मोठी संधी असते. फिल्म वापरणाऱ्यांना या यात्रेत जवळजवळ सर्व तांत्रिक अडचणी एकत्र भेटतात. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीतील भाविक पांढरी बाराबंदी घालतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या वस्त्रांनी चौकट भरली की तो प्रकाश गरजेपेक्षा कमी ठेवायला सांगतो. परिणामी बाराबंदी मळकट आणि चेहरे काळवंडलेले येतात. त्यामुळे मापकाने सुचवल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो किंवा तळहातावरील प्रकाश मोजून त्यात एका स्टॉपची भर घालावी लागते.

अक्षता सोहळ्यात संमतीचे वाचन झाल्यावर अक्षता उधळल्या जातात. हा क्षण काही सेकंदांचाच असतो. त्या वेळी रोलवर दोनच चित्रे शिल्लक असतील तर तो हातचा जातो; म्हणून अनुभवी छायाचित्रकार असा प्रसंग येण्याआधी अर्धवट रोलही गुंडाळून नवा भरतात. रात्री रोषणाईने उजळलेले मंदिर व तलावातील त्याचे प्रतिबिंब टिपताना वेगळीच अडचण येते. फार मंद उजेडात फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. इलफर्डच्या एचपी-५ प्लस या फिल्मवर प्रकाशमापक १० सेकंद सांगत असल्यास प्रत्यक्षात सुमारे २० सेकंद शटर उघडे ठेवावे लागते.

रोल धुण्याची प्रक्रिया

कृष्णधवल रोल घरी धुण्यासाठी पूर्ण अंधाराची गरज फक्त सुरुवातीस असते. अंधाऱ्या खोलीत किंवा बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून रोल डबीतून काढतात, प्लास्टिक किंवा स्टीलच्या चक्रीवर गुंडाळतात आणि प्रकाशबंद टाकीत ठेवतात. हे काम केवळ स्पर्शाने करायचे असल्याने नवशिक्यांना वाया गेलेल्या फिल्मवर उजेडात व नंतर डोळे मिटून सराव करण्याचा सल्ला दिला जातो. चक्रीवर फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तेवढ्या भागात रसायन पोहोचत नाही आणि ती चित्रे नष्ट होतात. टाकी बंद झाल्यावर पुढील कामे उजेडात करता येतात: डेव्हलपर, ॲसिटिक आम्लाचे स्टॉप बाथ, हायपो आणि धुणे.

डेव्हलपरचा परिणाम तापमानावर फार अवलंबून असतो. प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. उदाहरणार्थ, एचपी-५ प्लस फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे ठेवावी लागते. २४ अंशांना हाच वेळ पाच-साडेपाच मिनिटांवर येतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी दिवसा चांगलेच तापलेले असते. अशा पाण्यात धुण्याचा वेळ चार मिनिटांपेक्षाही कमी होतो. इतक्या थोड्या वेळात रसायन फिल्मवर सगळीकडे सारखे पसरत नाही आणि आकाशासारख्या मोकळ्या भागात डाग व पट्टे उमटतात. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडते व त्यावर सहज ओरखडे येतात. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदलले तर जिलेटिनला सुरकुत्या पडण्याचाही धोका असतो.

यावर काही साधे उपाय आहेत. डेव्हलपर अधिक पातळ केल्यास धुण्याचा वेळ वाढतो आणि तो पाच मिनिटांच्या वर ठेवता येतो. रसायनांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या परातीत ठेवून सर्व द्रावणे एकाच तापमानाला आणता येतात. कोरड्या हवेत बाष्पीभवन जलद होत असल्याने माठातील पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच थंड राहते. दमट किनारपट्टीवर माठाचा तितका उपयोग होत नाही. पहाटे, टाकीतील पाणी तापण्यापूर्वी, रोल धुणेही सोयीचे ठरते.

रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत चित्र उलटे आहे. तिचा डेव्हलपर सुमारे ३८ अंशांवर व सव्वातीन मिनिटे वापरायचा असतो आणि तापमानात अंशाच्या काही दशांशांचा फरकही रंग बिघडवू शकतो. थंड प्रदेशात हे तापमान टिकवण्यासाठी सतत गरम पाणी लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीतील हवाच त्याच्या आसपास असल्याने ते टिकवणे सोपे जाते. म्हणजे ज्या ऋतूत कृष्णधवल रोल धुणे कठीण, त्याच ऋतूत रंगीत रोल धुणे सुलभ होते.

तापमानाप्रमाणेच पाणी हाही निर्णायक घटक आहे. हायपो पूर्ण निघून गेला नाही तर काही वर्षांत निगेटिव्ह पिवळी पडून चित्र विटते. म्हणून पूर्वी वाहत्या नळाखाली बराच वेळ फिल्म धूत. सोलापूर शहराला प्रामुख्याने उजनी धरणातून पाणीपुरवठा होतो आणि अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. अशा ठिकाणी नळ सोडून देणे परवडणारे नसते. इलफर्ड कंपनीने सुचवलेली पद्धत येथे उपयोगी पडते. हायपोनंतर टाकीत पाणी भरून ती पाच वेळा उलटीसुलटी करतात. पाणी बदलून दहा वेळा आणि पुन्हा बदलून वीस वेळा तसेच करतात. पसरणाच्या तत्त्वाने हायपो बाहेर येतो आणि ३५ मिलिमीटरच्या एका रोलसाठी एकूण पाणी सुमारे एक लिटरच लागते.

बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असल्यास वाळलेल्या फिल्मवर पांढरे ठिपके राहतात. ते टाळण्यासाठी शेवटची विसळणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने करतात. धुतलेली फिल्म चिमट्याने टांगून, पंखा बंद ठेवून, धूळ नसलेल्या खोलीत वाळवली जाते. ओल्या जिलेटिनला चिकटलेला धुळीचा कण वाळल्यावर सहजासहजी निघत नाही.

छंदातील आनंद

या छंदात सर्वाधिक महत्त्व लक्ष देण्याला येते. ३६ किंवा १२ चित्रांची मर्यादा असल्याने प्रत्येक चित्रापूर्वी ते घ्यावे की नाही याचा निर्णय करावा लागतो. त्यामुळे प्रकाशाची दिशा, पार्श्वभूमी व माणसांच्या हालचाली पाहण्याची सवय लागते. कॅमेऱ्यामागे पडदा नसल्याने चित्र घेऊन झाल्यावर छायाचित्रकाराची नजर समोरच्या प्रसंगावरच राहते.

दुसरा आनंद प्रतीक्षेचा आहे. चित्र घेणे व ते पाहणे यांत काही दिवसांचे, कधी महिन्यांचे अंतर पडते. टाकी उघडून ओली फिल्म प्रथम उजेडाकडे धरण्याचा क्षण बहुतेक हौशी छायाचित्रकारांना विशेष प्रिय असतो. अंधारखोलीत लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या तबकातील कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटताना पाहणे हा त्याचाच पुढचा टप्पा होय. छापताना एन्लार्जरखाली हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवून चित्राचा एखादा भाग उजळ किंवा गडद करता येतो. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट तंतोतंत सारख्या नसतात.

तिसरा आनंद कारागिरीचा व हातात राहणाऱ्या वस्तूचा आहे. निगेटिव्ह ही प्रसंगाच्या वेळी तेथे प्रत्यक्ष हजर असलेली वस्तू असते. समोरच्या माणसावरून परतलेला प्रकाशच तिच्यावर पडलेला असतो. ती पाहण्यासाठी यंत्राची किंवा संकेतशब्दाची गरज नसते. खिडकीचा उजेड पुरतो.

छंदातील अडचणी

सर्वांत नेहमीची तक्रार खर्चाची असते. बहुतेक रोल आयात होतात. रोलची किंमत, धुणावळ, स्कॅनिंग व लहान शहरांतून मोठ्या शहरातील प्रयोगशाळेस पाठवण्याचा कुरिअर खर्च यांची बेरीज प्रत्येक चित्रावर पडते. काही हौशी छायाचित्रकार चित्रपटासाठी बनवलेली फिल्म डब्यांत भरून वापरतात. ती तुलनेने स्वस्त पडते, मात्र तिच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असल्यास तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आधी काढावा लागतो. तो थर सामान्य प्रयोगशाळेच्या यंत्रातील रसायने खराब करत असल्याने असे रोल तेथे स्वीकारले जात नाहीत.

दुसरी अडचण चुकांच्या उशिरा कळण्याची आहे. फिल्मचे टोक गुंडाळणाऱ्या दांड्यात नीट अडकले नसेल तर शटर वाजत राहते, आकडा पुढे जात राहतो, परंतु फिल्म जागची हलत नाही. संपूर्ण रोल कोरा निघाल्यावरच हे लक्षात येते. प्रत्येक चित्रानंतर फिल्म पुढे घेताना डाव्या बाजूची परत गुंडाळण्याची कळ फिरते का हे पाहिल्यास ही चूक टळते. रोल गुंडाळण्यापूर्वी मागील झाकण उघडणे, आयएसओचा आकडा चुकीचा ठेवणे व भिंगाचे झाकण काढायला विसरणे या इतर परिचित चुका आहेत. लग्न, मुंज किंवा वारीची वाट यांसारखे प्रसंग पुन्हा घडवता येत नसल्याने अशा चुकीचे दुःख रोलच्या किमतीपेक्षा मोठे असते.

विमानतळावरील सामान तपासणीचाही धोका असतो. जुन्या प्रकारच्या क्ष-किरण यंत्रातून कमी संवेदनशीलतेची फिल्म एक-दोनदा गेल्यास सहसा फरक पडत नाही. नव्या सीटी प्रकारच्या यंत्रातून मात्र एकदाच गेलेली फिल्मही धूसर होऊ शकते. म्हणून रोल पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासण्याची विनंती केली जाते.

रसायनांची विल्हेवाट हाही प्रश्न आहे. वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते आणि ती गटारात जाणे पाण्यातील जीवांसाठी घातक ठरते. पूर्वी स्टुडिओंमधील वापरलेला हायपो चांदी काढणारे व्यावसायिक विकत घेत. घरगुती प्रमाण अल्प असल्याने आज अशी सोय सहज उपलब्ध होत नाही.

सद्यस्थिती

२०१५ नंतरच्या काळात, डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर वाढलेल्या पिढीत फिल्मविषयी नव्याने कुतूहल निर्माण झाले. कोडॅकची बंद झालेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. लाइकाने एम-६ हा कॅमेरा २०२२ मध्ये पुन्हा काढला आणि २०२४ मध्ये पेंटॅक्स-१७ हा नवा फिल्म कॅमेरा आला. भारतात मुंबई, पुणे व बंगळूरसारख्या शहरांत फिल्म विकणारे व धुऊन देणारे व्यावसायिक आहेत. लहान शहरांतील हौशी छायाचित्रकार प्रामुख्याने टपाल व कुरिअरवर किंवा घरच्या टाकीवर अवलंबून असतात. नवे कॅमेरे मिळू लागले असले तरी जुने यांत्रिक कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर कमी होत आहेत, आणि हे कौशल्य हाताखाली काम करूनच शिकले जाते.

निगेटिव्हचे जतन

या छंदाचा एक परिणाम छंदापलीकडे जातो. गेल्या शतकातील कौटुंबिक व स्थानिक जीवनाचा मोठा दृश्य पुरावा घराघरांत पडून असलेल्या निगेटिव्हमध्ये आहे. सोलापुरातील बंद पडलेल्या कापड गिरण्या, पाडलेले वाडे, बदललेले चौक आणि हातमागावर बसलेली माणसे यांची अनेक चित्रे अधिकृत संग्रहांत नसून अशा कुटुंबांकडे किंवा बंद झालेल्या स्टुडिओंच्या अडगळीत असू शकतात. काचेच्या जुन्या निगेटिव्हवरील थर खरवडून काच पुन्हा वापरली गेल्याची आणि फिल्म चांदीसाठी विकली गेल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत.

विसाव्या शतकातील बहुतेक रोल ॲसिटेट पट्टीचे असतात. उष्णता व दमटपणामुळे ही पट्टी विघटित होते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, ती आकसते आणि वरील थर सुटतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया उलटवता येत नाही, तिचा वेग तेवढा कमी करता येतो. पत्र्याच्या छताखालील माळा ही निगेटिव्ह ठेवण्यास सर्वांत वाईट जागा असते. घरातील सर्वांत थंड खोलीतील, भिंतीपासून दूर असलेले कपाट त्यापेक्षा बरे. प्लास्टिकच्या जुन्या चिकट पिशव्यांऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे वापरली जातात आणि वास येणाऱ्या फिल्म इतरांपासून वेगळ्या ठेवल्या जातात.

स्कॅनर नसल्यासही सपाट पांढऱ्या उजेडावर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने तिची प्रत घेता येते. मूळ निगेटिव्ह त्यानंतरही जपून ठेवण्याची शिफारस केली जाते, कारण तिच्यातून पुढे अधिक चांगली प्रत काढता येते. चित्रातील व्यक्ती, ठिकाण व साल यांची नोंद पाकिटावर पेन्सिलने करण्याची पद्धत आहे. निगेटिव्ह नीट ठेवल्यास दीर्घकाळ टिकते, मात्र चेहरे ओळखणारी पिढी हयात असेपर्यंतच ही नोंद करता येते.